व्यवसायाच्या रकान्यात काय लिहावे?

मुदतीआधी निवृत्ती घेतलेली माणसे समुपदेशनासाठी आली की आधी पैशाची चिंता सांगतील, असे मला सुरुवातीच्या काळात वाटत असे. प्रत्यक्षात अनेकांचा पहिला प्रश्न त्याहून लहान आणि जास्त बोचणारा असतो: ‘वय पन्नाशीच्या आत आहे, नोकरी नाही, पेन्शन सुरू नाही, मग फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात लिहायचे काय? निवृत्त लिहिले तर खोटे ठरेल का?’ या प्रश्नाचे उत्तर मी ज्या गृहस्थांबरोबर बसून नीट शोधले, त्यांचा अनुभव त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून येथे सांगते.

ते रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका गावचे. चोवीस वर्षे मुंबईत एका खाजगी कंपनीत नोकरी केल्यानंतर कंपनीने स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली, त्याच सुमारास वडील अंथरुणाला खिळले, आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ते पत्नी व मुलीसह गावी परतले. मिळालेली रक्कम त्यांनी विचारपूर्वक गुंतवली होती, घराची कौले बदलून घेतली होती आणि वडिलांच्या हापूसच्या कलमांची देखभाल हाती घेतली होती. संसाराला कसली ददात नव्हती. तरीही माझ्यासमोर बसल्यावर त्यांनी पिशवीतून बँकेचा केवायसीचा फॉर्म काढला, तेव्हा नाव, पत्ता, आधार क्रमांक असे सगळे रकाने सुवाच्य अक्षरात भरलेले होते आणि व्यवसायाच्या चौकोनांवर मात्र व्हाइटनरचा इतका जाड थर होता की कागद तिथे ताठ होऊन उकलला होता. आधी त्यांनी ‘खाजगी नोकरी’वर खूण केली होती, मग ‘निवृत्त’वर, मग ‘इतर’वर.

ज्या गावात मुंबईला असलेल्या प्रत्येक माणसाला चाकरमानी म्हणतात, तिथे चाकरी सुटलेल्या माणसासाठी तितका सोपा शब्द नाही, ही गोष्ट मला त्यांच्या बोलण्यातून पहिल्यांदा नीट कळली. शेजारच्या म्हाताऱ्या काकांनी त्यांना पाणंदीत थांबवून सरळच विचारले होते, ‘काय रे, कंपनीनं काढलान काय तुला?’ काकांच्या मनात वाईट काही नव्हते. परंतु त्या दिवसापासून प्रत्येक छापील रकाना त्यांना काकांच्याच आवाजात प्रश्न विचारू लागला होता.

मी आर्थिक सल्लागार नाही आणि तसे मी त्यांना सांगितले. पण भीती इतकी ठरावीक जागी अडकलेली असेल, तर आधी त्या जागेवरचे प्रत्यक्ष कागद पाहावेत, असे माझे मत आहे. पुढच्या भेटीला त्यांना भरायचे होते ते सगळे फॉर्म घेऊन यायला सांगितले. एक दुपारभर आम्ही ते टेबलावर पसरून वाचले आणि प्रत्येक फॉर्मबाबत एकच गोष्ट शोधली: हे विचारणाऱ्याला नेमके कशासाठी हवे आहे?

बँकेचे उत्तर सर्वांत स्पष्ट निघाले. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा २००२ चा आहे आणि त्याखाली बँकेला ग्राहकाची माहिती ठेवावी लागते. खात्यात येणारा-जाणारा पैसा त्या माणसाच्या परिस्थितीशी जुळतो का, एवढेच तिला पाहायचे असते. म्हणूनच ही माहिती जोखमीनुसार दोन, आठ किंवा दहा वर्षांनी पुन्हा मागवली जाते. आता पगार जमा होत नसताना ‘खाजगी नोकरी’ तशीच ठेवली, तर तीच नोंद खात्याशी विसंगत ठरली असती. ‘निवृत्त’ या चौकोनापुढे वयाची कोणतीही अट छापलेली नव्हती. त्यांनी तो चौकोन बराच वेळ न्याहाळला आणि विचारले, ‘मॅडम, म्हणजे साठ पूर्ण व्हावी लागत नाहीत?’

गोंधळाचे मूळ इथे होते. निवृत्त, पेन्शनर आणि ज्येष्ठ नागरिक हे तीन शब्द आपण एकाच माणसाचे समजतो, पण कागदोपत्री ते वेगळे आहेत. ज्येष्ठ नागरिक हा वयाचा प्रश्न आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतही साठ वर्षांची अट आहे. स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला पंचावन्नाव्या वर्षापासून सवलत मिळते, तीही निवृत्तीचा पुरावा देऊन आणि लाभाची रक्कम हाती आल्यावर तीन महिन्यांच्या आत. पेन्शनर तो, ज्याला खरोखर पेन्शन मिळते. भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या पेन्शन योजनेत दहा वर्षे सेवा झाली असेल तर अठ्ठावन्नाव्या वर्षी पूर्ण पेन्शन मिळते आणि पन्नाशीनंतर कमी दराने लवकर घेता येते, प्रत्येक वर्षामागे चार टक्के कपात सोसून. म्हणजे हे गृहस्थ आज पेन्शनर नव्हते, ज्येष्ठ नागरिक नव्हते, पण निवृत्त निश्चित होते. त्यांच्या स्वेच्छानिवृत्तीच्या पत्रावरच तसे लिहिलेले होते. ते पत्र त्यांनी कपाटात कपड्यांखाली ठेवले होते.

पासपोर्टच्या अर्जात तर निवृत्त सरकारी नोकर आणि खाजगी सेवेतून निवृत्त असे दोन स्वतंत्र पर्याय आहेत. तो अर्ध्या मिनिटात भरून झाला.

विम्याच्या प्रस्तावाबाबत मी थोडी कठोर झाले, कारण तिथे त्यांनी जुन्या कंपनीचे नाव लिहायचे ठरवले होते. विमा कंपनी उत्पन्न पाहून किती रकमेचा विमा द्यायचा ते ठरवते आणि विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार पहिल्या तीन वर्षांत चुकीच्या माहितीच्या कारणावरून पॉलिसीला हरकत घेता येते. माणूस गेल्यावर त्या हरकतीला तोंड द्यावे लागते ते पत्नीला. निवृत्त असल्याचे आणि उत्पन्न व्याजाचे व बागेचे असल्याचे लिहिल्यास विम्याची रक्कम कमी मंजूर होऊ शकते, पण मंजूर झालेली तरी पक्की असते.

मग त्यांनी विचारले, सगळीकडे ‘शेतकरी’ लिहिले तर? कोकणात हा प्रश्न हमखास येतो. मी त्यांना सातबारा आणायला सांगितला. त्यावर अजून आजोबांचे, वडिलांचे आणि तीन काकांचे नाव होते, त्यांचे स्वतःचे नव्हते. महाराष्ट्रात शेतकरी असणे ही कायद्याच्या दृष्टीने गंभीर गोष्ट आहे; १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. ते हापूसच्या कलमांना स्वतः खत घालतात, मोहोरावर फवारणी करतात, पेट्या भरतात, तेव्हा बागायत हे त्यांचे काम आहेच आणि उत्पन्नाच्या रकान्यात ते लिहायलाच हवे. परंतु नोकरी सुटल्याचे झाकण्यासाठी शेतकरी हा शब्द पांघरला, तर तो शब्दही त्यांना लागेल, असे मी म्हणाले. ते गप्प झाले.

त्यानंतर जे बाहेर आले, ते कोणत्याही फॉर्मपेक्षा जड होते. मुलीच्या अकरावीच्या प्रवेशअर्जात पालकांचा व्यवसाय तिनेच भरला होता आणि तिथे ‘नोकरी’ लिहिले होते. त्यांनी ते पाहिले, पण तिला काही विचारले नाही, तीही काही बोलली नाही. ‘तिला माझी लाज वाटते,’ असे ते म्हणाले. मी त्यांना विचारले की घरात या विषयावर ते स्वतः कधी मोकळेपणाने बोलले आहेत का. नाही, असे उत्तर आले. ज्या घरात बाप स्वतःचा रकाना तीनदा खोडतो, तिथे सोळा वर्षांच्या मुलीने बापाला सांभाळून घेण्यासाठी जुनाच शब्द लिहिला असेल, ही शक्यता त्यांच्या मनाला शिवलीही नव्हती. त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला आणि बराच वेळ पुसत राहिले.

पुढच्या वर्षी बारावीचा अर्ज दोघांनी पडवीत बसून भरला. काय लिहू, असे मुलीने विचारले आणि त्यांनी सांगितले: ‘सेवानिवृत्त, खाजगी क्षेत्र, सध्या बागायत.’ रकाना लहान होता, म्हणून तिने शेवटचा शब्द खालच्या रेघेवर उतरवला.

वारस नोंदीचा अर्ज त्यांनी तलाठ्याकडे दिला आहे. पाणंदीत भेटलेल्या शेजारच्या काकांना काय सांगायचे ते मात्र अजून ठरलेले नाही. गणपतीला मुंबईची मंडळी येण्याआधी आम्ही त्यासाठी एकदा भेटणार आहोत.