वाचकांचे प्रश्न : बँकॉकहून एका दिवसात अयुथया

थायलंडच्या सहलींचा हंगाम जवळ आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत अयुथयाचं नाव हमखास असतं. बँकॉकच्या उत्तरेला साधारण ८० किलोमीटरवर असलेली ही जुनी राजधानी १३५०च्या सुमारास वसली, १७६७मध्ये बर्मी सैन्याने ती जाळली आणि १९९१पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहे. या महिन्यातले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : टूर कंपनीच्या पत्रकात एकाच दिवसात ‘अयुथयाची सात मंदिरं, बांग पा-इन राजवाडा आणि ९२ मीटर उंचीचा महाबुद्ध’ असं लिहिलं आहे. खरंच एवढं पाहून होतं का? — ठाणे

बसच्या खिडकीतून होतं, पायी होत नाही. ९२ मीटरची मूर्ती अयुथयात नाहीच. ती शेजारच्या आंग थोंग प्रांतात, वाट मुआंग या मंदिरात (थाई भाषेत ‘वाट’ म्हणजे मंदिर) आहे आणि अयुथयाहून तिथे जायला आणखी पाऊण ते एक तास लागतो. मूर्ती सिमेंटची, वरून सोनेरी रंग दिलेली. काम १९९०ला सुरू होऊन २००८मध्ये संपलं. भाताच्या शेतांमध्ये ती लांबूनच दिसू लागते. जवळ गेल्यावर लोक रांगेने पुढे येऊन तिच्या उजव्या हाताच्या बोटांना हात लावतात, आणि एकेक बोट माणसापेक्षा केवढं तरी मोठं आहे हे तेव्हा कळतं. पाहायला जरूर जा, पण त्या दिवशी अयुथयातली तीनच ठिकाणं ठेवा आणि राजवाडा सोडून द्या.

फक्त अयुथया करायचं असेल तर आमचा क्रम असा आहे. बँकॉकहून सव्वासहाला निघा म्हणजे आठच्या आधी पोहोचाल. बँकॉकच्या बस साडेनऊ-दहानंतर येऊ लागतात, तोवरचा वेळ सर्वांत मोलाचा. आठला वाट महाथाट (एक तास), त्याला लागूनच वाट रात्चबुराना (अर्धा तास). दहाच्या सुमारास वाट फ्रा सी सान्फेटचे तीन उंच स्तूप. तिथे सावली जवळजवळ नाही, त्यामुळे अकराच्या पुढे थांबू नका. अगदी शेजारी फ्रा मोंगखोन बोफितचा विहार छताखाली आहे. ऊन चढलं की तिथे शिरायचं. बाराला जेवण. जेवणानंतर वाट फनान चोएंग, हेही छताखालचं. तिथून जवळच असलेला वाट याई चाई मोंगखोन करून साडेतीनला वाट लोकयासुथारामचा पहुडलेला बुद्ध. त्याचं डोकं उत्तरेला आणि तोंड पश्चिमेला आहे, म्हणून दुपारनंतरच चेहऱ्यावर ऊन येतं. सकाळी काढलेले फोटो काळे येतात ते यामुळेच. शेवटी नदीपलीकडे वाट चाईवत्थनाराम. १६३०मध्ये राजा प्रासाट थोंगने बांधलेलं हे ख्मेर, म्हणजे जुन्या कंबोडियाच्या धाटणीचं मंदिर संध्याकाळच्या उन्हात विटांचा रंग बदलताना पाहावं.

बहुतेक टूर नेमका उलटा क्रम घेतात. भर बाराला उघड्या अवशेषांत आणि चारला छताखाली. पैसे भरण्याआधी चार गोष्टी लेखी विचारा : प्रत्येक ठिकाणी किती मिनिटं, प्रवेशशुल्क धरलं आहे का, खरेदीचे थांबे किती, आणि परवानाधारक थाई गाईड सोबत असेल का. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. थायलंडमध्ये गाईडचं काम कायद्याने थाई नागरिकांसाठीच राखीव आहे. मुंबईहून आलेला टूर मॅनेजर तुमची जेवणखाणाची आणि खोल्यांची सोय पाहील, पण त्याने मंदिरात उभं राहून माहिती देणं तिथे चालत नाही. गाईड नसेल तर दिवसभर मराठीत फक्त ‘चला, बस सुटतेय’ एवढंच ऐकू येतं. कार्यक्रमात हत्तीवरची फेरी घातली असेल तर ती काढून टाकायला सांगा. हत्तीचे हाल वाचतील आणि तुमचा तासभर वेळही.

प्रश्न : इतक्या मूर्तींत नेमकं काय पाहायचं? दुपारनंतर सगळ्या सारख्याच वाटू लागतात, असं जाऊन आलेले लोक सांगतात. — कोल्हापूर

मूर्ती कशाची आहे हे आधी पाहा, म्हणजे सारख्या वाटणार नाहीत.

लोकयासुथारामचा बुद्ध ४२ मीटर लांब आणि सुमारे ८ मीटर उंच. आत वीटकाम, वर चुन्याचा गिलावा, डोक्याखाली कमळ. त्याच्यावरचं छप्पर कधीच गेलं, आता तो उघड्यावर आहे. गिलावा धरून राहावा म्हणून वारंवार डागडुजी करावी लागते. त्याच्यावर भगवं वस्त्र पांघरलेलं असतं, आणि पायथ्याच्या छोट्या मूर्तीवर लोक सोन्याचा वर्ख चिकटवतात.

मोंगखोन बोफितची मूर्ती ब्राँझची. बैठक सोडून तिची उंची जवळपास साडेबारा मीटर आहे. आधी ती उघड्यावर होती, सतराव्या शतकात तिच्यावर मंडप आला, १७६७च्या आगीत तो कोसळला. आजचा विहार १९५०च्या दशकातला आहे आणि त्यासाठी बर्मी सरकारनेही देणगी दिली होती. ज्यांच्या सैन्याने शहर जाळलं त्याच देशाकडून हे दान आलं. गाईड हे सांगेलच असं नाही, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

फनान चोएंगचा बुद्ध १३२४चा आहे, म्हणजे अयुथया राजधानी होण्याच्याही आधीचा. १९ मीटर उंच, बसलेला, उजवा हात गुडघ्यावरून जमिनीकडे, आपण ज्याला भूमिस्पर्श मुद्रा म्हणतो ती. गाभाऱ्यात मागे सरकायला जागाच नाही, त्यामुळे मान पूर्ण वर करावी लागते. इथला वस्त्रदानाचा विधी चुकवू नका. भाविक भगव्या कापडाचे तागे दान करतात, सेवेकरी मूर्तीच्या मांडीवर चढून ते खांद्यापर्यंत नेतात, आणि दुसरं टोक खाली बसलेल्या लोकांच्या डोक्यावर सोडतात. एकाच कापडाखाली सगळा जमाव हात जोडून बसतो. विधी दिवसातून अनेकदा होतो. चालू असेल तर कॅमेरा बाजूला ठेवून त्या कापडाखाली बसा. तिथे परक्यांनाही सामावून घेतात.

आणि एक मूर्ती आता उरलेलीच नाही. फ्रा सी सान्फेटमध्ये १५००च्या सुमारास घडवलेला १६ मीटर उंचीचा, सोन्याने मढवलेला उभा बुद्ध होता. सोनं काढण्यासाठी तो १७६७मध्ये जाळला गेला. राहिलेला गाभा थायलंडचा राजा पहिला राम याने बँकॉकला नेऊन वाट फोच्या एका स्तूपात ठेवला. बँकॉकमध्ये वाट फो पाहणार असाल तर गाईडला तो स्तूप दाखवायला सांगा, नाहीतर लोक सोनेरी निद्रिस्त बुद्ध पाहूनच परततात.

महाराष्ट्रातल्या माणसाने वाट ना फ्रा मेनसाठी पाऊण तास काढावाच, असं आमचं ठाम मत आहे. हे मंदिर बर्मी सैन्याच्या तळाजवळ होतं म्हणून वाचलं. मुख्य मंडपाशेजारच्या छोट्या विहारात हिरवट दगडाचा द्वारवती काळातला, म्हणजे अयुथयाच्या कित्येक शतकं आधीचा बुद्ध आहे, पाय खाली सोडून बसलेला. वेरूळच्या दहाव्या लेण्यात आणि अजिंठ्याच्या २६व्या लेण्यात स्तूपासमोर बुद्ध असाच बसलेला आहे. थायलंडमध्ये ही बैठक एरवी फार कमी दिसते. वेळ कमी पडला तर याई चाई मोंगखोन सोडा, हे सोडू नका.

प्रश्न : पहुडलेला बुद्ध म्हणजे महापरिनिर्वाणच ना? — अमरावती

अजिंठ्याच्या २६व्या लेण्यातली पहुडलेली मूर्ती महापरिनिर्वाणाची आहे. तिथे खाली शोक करणारे शिष्य कोरले आहेत. थायलंडमध्ये मात्र प्रत्येक पहुडलेल्या मूर्तीचा तोच अर्थ नसतो. असुरिंद राहूच्या गर्वहरणाची कथा तिथे लोकप्रिय आहे : स्वतःच्या उंचीचा अभिमान असलेल्या असुरासमोर बुद्ध पहुडलेल्या अवस्थेतच त्याच्याहून प्रचंड झाले. डोळे उघडे आणि भोवती शोक करणारं कोणी नसेल, तर ही कथा आठवावी.

प्रश्न : आम्ही बौद्ध उपासक आहोत. तिथे वंदना म्हणता येईल का? भंतेजींना दान कसं द्यावं? — नागपूर

अवश्य म्हणा. त्रिसरण आणि पंचशील तिथेही पालीतच आहेत. उच्चार वेगळे ऐकू येतील, पण पहिल्या दोन ओळींतच स्थानिक लोकांच्या ध्यानात येतं आणि ते हात जोडतात. वंदनेसाठी वापरातले विहार निवडा : फनान चोएंग, ना फ्रा मेन, मोंगखोन बोफित. महाथाट, रात्चबुराना यांसारख्या अवशेषांत मेणबत्त्या-अगरबत्त्या पेटवू नका. जुन्या विटांना काजळी धरते. बसताना पाय मागे दुमडून बसा, तळवे मूर्तीकडे येऊ देऊ नका. स्त्रियांनी भिक्खूंच्या हातात थेट वस्तू देऊ नये. ते समोर कापड पसरतात, त्यावर ठेवावी, किंवा सोबतच्या पुरुषाने द्यावी. अन्नदान सकाळीच, कारण भिक्खू दुपारी बारानंतर जेवत नाहीत.

प्रश्न : आईचं वय ७२ आहे आणि गुडघे दुखतात. तिला न्यावं का? — नाशिक

न्या, पण ठिकाणं निवडून. फनान चोएंग, मोंगखोन बोफित आणि लोकयासुथाराम येथे फारशी चढउतार नाही. याई चाई मोंगखोनच्या मोठ्या स्तूपाच्या पायऱ्या उंच आणि खड्या आहेत, तिथे त्यांनी खालच्या बागेत थांबावं. भोवतीने भगवी वस्त्रं नेसवलेल्या बसलेल्या बुद्धांच्या रांगा आहेत, त्याच पाहण्याजोग्या आहेत. रात्चबुरानाच्या तळघरात उतरणारा जिना अरुंद आहे, तो टाळा. महाथाटमध्ये पायवाट विटांची आणि उंचसखल. पडायला होतं ते पायऱ्यांवर नव्हे, तर या सुट्या विटांवर, फोटो काढत मागे सरकताना. मागे पट्टा असलेली चप्पल घाला. लेसचे बूट दिवसातून पाच-सहादा काढून घालावे लागतात. माणशी दोन लिटर पाणी, टोपी आणि छत्री हवीच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. एप्रिलमध्ये ज्येष्ठांना नेऊच नका. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नदीला पूर येतो. चाईवत्थनारामच्या काठावर तेव्हा पूररोधक भिंत उभी करतात आणि दृश्य झाकलं जातं.

प्रश्न : झाडाच्या मुळांतल्या बुद्धमुखाचा फोटो काढताना रक्षक ओरडतात म्हणे. का? — डोंबिवली

महाथाटमधलं ते मुख जमिनीपासून थोडंसंच वर आहे. शेजारी उभं राहिलं तर आपलं डोकं बुद्धाच्या डोक्याच्या वर जातं आणि तो अनादर समजतात. म्हणून उकिडवं किंवा गुडघ्यावर बसूनच फोटो काढायचा. मस्तक नसलेल्या मूर्तीमागे उभं राहून आपलं तोंड तिथे दिसेल असे फोटो तर मुळीच काढू नका. इतक्या मूर्तींची मस्तकं गेली ती फक्त १७६७मध्ये नाही. पुढे कित्येक वर्षं सोनं शोधणारे आणि जुन्या वस्तूंचे व्यापारी ती तोडून नेत होते. रात्चबुरानाच्या तळघरातला खजिना १९५७मध्ये चोरट्यांनी फोडला. त्यातून जे वाचलं ते चाओ साम फ्राया संग्रहालयात आहे; सोमवारी ते बंद असतं.

प्रश्न : शाकाहारी जेवणाचं काय? — पुणे

‘व्हेज’ म्हणून भागत नाही. भाजीतही माशाचा सॉस आणि कालवांचा सॉस घालतात. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं असलेलं ‘जे’ जेवण शोधा. त्यात मांस, मासे, अंडं नसतंच, शिवाय कांदा-लसूणही नसतो. जैन वाचकांनी कंदमुळांविषयी मात्र वेगळं विचारावं. पाटी नसेल तिथे ‘माई साई नाम प्ला’ म्हणजे माशाचा सॉस नको, आणि ‘माई साई खाई’ म्हणजे अंडं नको. इथले प्रसिद्ध बोट नूडल्स बहुधा डुकराच्या किंवा गाईच्या मांसाचे असतात, रस्सा दाट करायला रक्तही घालतात. ‘रोटी साई माई’ मात्र घ्या : पातळ मऊ रोटीत साखरेचे तंतू गुंडाळून खायचे. गुंडाळी स्वतः करायची असते आणि लगेच खायची. हवेतल्या दमटपणाने तंतू लवकर चिकट होतात.

प्रश्न : टूर न घेता रेल्वेने जावं का? — बेळगाव

दोघं-तिघं असाल आणि चालायची तयारी असेल तर जरूर. लांब पल्ल्याच्या गाड्या क्रुंग थेप अपिवत स्थानकावरून सुटतात, साध्या गाड्या जुन्या हुआ लाम्फोंगवरून. तिसऱ्या वर्गाचं भाडं अगदी किरकोळ असतं. दीड ते दोन तास लागतात. येताना गाडीला उशीर होतो हे धरून चाला, रात्रीचं विमान असेल तर हा बेत नको. जुनं शहर नद्यांनी वेढलेल्या बेटावर आहे आणि अयुथयाचं स्थानक त्या बेटाबाहेर, पासाक नदीच्या पूर्वेला आहे. समोरच्या गल्लीने सरळ गेलं की होडीचा धक्का येतो. स्थानकाजवळ सायकली भाड्याने मिळतात. अनामत म्हणून पासपोर्ट मागितला तर रोख रक्कम द्या, पासपोर्ट देऊ नका. टुकटुक ठरवताना तास आणि मंदिरांची नावं दोन्ही कागदावर लिहून घ्या, पैसे शेवटी द्या. सहा प्रमुख अवशेषांचं एकत्र तिकीट पहिल्याच दारावर मिळतं. चारपेक्षा कमी ठिकाणं पाहणार असाल तर सुटी तिकिटं घ्या. मदतीला माणूस हवा असेल तर परवानाधारक गाईड अर्ध्या दिवसासाठीही ठरवता येतो, आणि तो सकाळच्या अर्ध्यातच घ्या.

प्रश्न : घरी ठेवायला जुनी बुद्धमूर्ती आणायची आहे. — पणजी

जुनी घेऊच नका. थायलंडमधून बुद्धमूर्ती बाहेर नेण्यासाठी तिथल्या ललित कला विभागाचा परवाना लागतो, मग ती नवी असली तरी. गळ्यात घालायच्या छोट्या ताईतांना सूट आहे. परवाना दुकानदारानेच काढून द्यावा अशी अट घाला, आणि कागद हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.