व्हेरिकोसील आहे, ऑपरेशनआधी अ‍ॅक्युपंक्चर करून पाहावं का?

तुम्ही लिहिलंय की वय ३३, लग्नाला चार वर्षं, डाव्या बाजूला ग्रेड २ (मध्यम) व्हेरिकोसील, म्हणजे अंडकोषाच्या फुगलेल्या शिरा, शुक्राणूंचा काउंट एका मिलीत ९ मिलियन. सर्जन ऑपरेशन सांगतात, घरचे म्हणतात आधी सुया (अ‍ॅक्युपंक्चर) लावून बघ.

भाऊ, मी दोन्ही केलंय, पण चुकीच्या क्रमानं, आधी सुया आणि मग ऑपरेशन. म्हणून लिहितो.

नागपुरातल्या धंतोलीतल्या डॉक्टरांनी मला उभं करून हातानं तपासलं आणि ऑपरेशन सांगितलं. मी चिरफाडीला भ्यालो. ओळखीतल्या एका काकूंनी अ‍ॅक्युपंक्चर सुचवलं, सात महिने दर शनिवारी गेलो. झोप सुधारली, डोकं शांत झालं, हे खरं. काउंट मात्र ८ होता तो ८च राहिला. मधल्या काळात पुन्हा तपासणी करा, असं तिथं कुणी म्हटलं नाही आणि मलाही सुचलं नाही. तेवढ्यात बायको पस्तिशीला पोहोचली. ते सात महिने मला अजून टोचतात.

नंतर डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. डाव्या अंडकोषाची शीर वर जाऊन मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते. तिच्या झडपा ढिल्या पडल्या की रक्त उलटं खाली येऊन साचतं आणि ऊब वाढते. शुक्राणू नीट बनायला अंडकोष शरीरापेक्षा दोन-चार अंश थंड लागतो. ढिली झालेली झडप सुईनं घट्ट होत नाही. अ‍ॅक्युपंक्चरवर अभ्यास झालेत, पण छोटे, आणि त्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत.

माझं ऑपरेशन मायक्रोस्कोपखाली झालं, जांघेजवळ लहानशी चीर, दुसऱ्या दिवशी घरी. शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, म्हणून तीन महिन्यांच्या आत रिपोर्ट काढून जीव टांगणीला लावू नका. माझा काउंट तीन महिन्यांनी १४, सहाव्या महिन्यात २१ आला. वर्षभरात दिवस गेले. सगळ्यांचं असं होत नाही. साधारण तिघांतल्या दोघांचा रिपोर्ट सुधारतो, आणि रिपोर्ट सुधारला म्हणजे मूल होईलच असंही नाही.

ऑपरेशनला हो म्हणण्याआधी वीर्याचे दोन रिपोर्ट हवेत, प्रत्येक वेळी २ ते ७ दिवसांचा संयम पाळून. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची खालची मर्यादा १६ मिलियन प्रति मिली आहे. व्हेरिकोसील हाताला लागतं का, हे नक्की विचारा. फक्त सोनोग्राफीत दिसणाऱ्यासाठी ऑपरेशन सहसा सुचवत नाहीत. काउंट शून्य असेल तर वाट वेगळी, तिथं आधी हार्मोन आणि कुठं अडथळा आहे का ते बघतात.

खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खात असाल तर आजच सोडा. आपल्या नागपुरात पानठेल्यावर उभं राहून ते जमवणं किती कठीण आहे, मला माहीत आहे. जिममध्ये कुणी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं देत असेल तर अजिबात घेऊ नका, त्यानं शुक्राणू बनणं बंद पडू शकतं.

सुया लावायच्याच असतील तर ऑपरेशननंतर, रिपोर्टची वाट बघताना लावा, झोपेसाठी. त्याआधी वहिनींची तपासणी याच आठवड्यात करून घ्या. माझ्याकडून तीच राहून गेली होती.