एनबीएत (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) दोन्ही टीम तोडीस तोड असतील तर मॅचआधी नेमकं काय बघायचं?

सगळ्यात आधी इंजुरी रिपोर्ट बघा, आणि कोणती टीम सलग दुसऱ्या रात्री खेळतीये तेही, कारण दमलेले पाय चौथ्या क्वार्टरमधे उघडे पडतात. विन-लॉस रेकॉर्डवर फार जाऊ नका, टर्नओव्हर (शॉट न मारताच बॉल गमावणं) आणि ऑफेन्सिव्ह रिबाउंड (आपल्याच टीमचा हुकलेला शॉट परत पकडणं) बघा, दोघांचा शूटिंग परसेंटेज सारखाच असेल तर ज्याला जास्त शॉट मारायला मिळतात तोच पुढे जातो, साधा हिशोब आहे. पण माझ्या मते खरी गोष्ट वेगळीच असते, शेवटच्या 2-3 मिनिटांत कोण कोणाला गार्ड करणार, म्हणजे अडवणार?

2016 ची फायनल आठवा, कॅव्हलियर्स आणि वॉरियर्स, सात मॅचची सिरीज, पहिल्या 6 मॅच मिळून दोघांचे पॉइंट अगदी सारखे, 610-610, आणि शेवटच्या गेम 7 मधेही 89-89 वर अडकले, कितीतरी वेळ कोणालाच बास्केट होईना! मग कॅव्हलियर्सच्या लेब्रॉनने मागून धावत येऊन वॉरियर्सच्या इगुओडालाचा शॉट ब्लॉक केला, नंतर कॅव्हलियर्सने स्क्रीन लावून (एका खेळाडूने डिफेंडरची वाट अडवून) वॉरियर्सच्या स्टेफ करीला आपल्या कायरी अर्व्हिंगसमोर यायला लावलं आणि कायरीने त्याच्या डोक्यावरून थ्री (तीन पॉइंटचा शॉट) मारला, 53 सेकंद बाकी असताना. शेवटी 93-89, कॅव्हलियर्स जिंकले. म्हणून प्रिव्ह्यू वाचताना एकच शोधा, प्रत्येक टीमचा डिफेन्समधला कच्चा दुवा कोण, समोरचे त्यालाच पिक-अँड-रोलमधे (अशाच स्क्रीनच्या चालीत) ओढणार.