एकाच मोठ्या छापाच्या कापडातून कॅलिडोस्कोपसारखी षटकोनी गोधडी कशी करायची?

तुम्ही विचारलंय की, मोठ्या फुलांच्या एकाच कापडातून केलेली, प्रत्येक षटकोन वेगळा दिसणारी गोधडी तुम्ही व्हिडिओत पाहिली. ती आपल्याकडच्या कापडातून होईल का, कापड किती लागेल, आणि घरात आईची छापील सुती साडी आहे तिची करावी का? होईल. मी आजवर अशा तीन केल्या आहेत, पहिली अमेरिकेत आणि दोन नाशिकला परत आल्यावर. साडीचं शेवटी सांगते, कारण त्याआधी एक-दोन गोष्टी कळणं गरजेचं आहे.

अमेरिकेत या प्रकाराला ‘वन ब्लॉक वंडर’ म्हणतात. मॅक्सीन रोझेन्थाल या क्विल्टरने तो लोकप्रिय केला. मुलीच्या बाळंतपणासाठी मी ओहायोला गेले होते, तेव्हा शेजारच्या सत्तरीतल्या बाईंनी मला हे शिकवलं. तत्त्व एवढंच की छापील कापडावर तेच चित्र ठरावीक अंतराने पुन्हा येतं. ती आवर्तनं सहा कापायची, एकावर एक अशी ठेवायची की फुलावर फूल आणि पानावर पान येईल, आणि मग सहाही थरांतून एकदम समभुज त्रिकोण कापायचे. प्रत्येक ठिकाणी हुबेहूब सारखे सहा त्रिकोण हातात येतात. ते मध्याभोवती जोडले की षटकोन. पुढचा त्रिकोण कापडाच्या दुसऱ्या भागातून आलेला असतो, म्हणून पुढचा षटकोन अगदी वेगळा निघतो. रंग मात्र सगळे एकाच कापडाचे, त्यामुळे काहीही विसंगत दिसत नाही.

लहानपणी आपण आरशाच्या तीन पट्ट्या आणि फुटक्या बांगड्यांच्या काचा घालून शोभादर्शक करायचो, त्यापेक्षा यात एक फरक आहे. शोभादर्शकात शेजारचा भाग उलटा, प्रतिबिंब म्हणून दिसतो. इथे सहाही त्रिकोण सुलट असतात, प्रतिबिंब कुठेच नसतं. त्यामुळे षटकोनात एक गरगर फिरल्याचा भास येतो, भिंगरीसारखा. याचा कामातही उपयोग आहे. षटकोन साठ अंशांनी फिरवला तरी चित्र तेच राहतं, म्हणून मांडताना एकेक षटकोन फिरवून बघण्यात वेळ घालवू नका. फरक पडतो तो त्रिकोणाचं कुठलं टोक मध्यभागी आणता याने. टोकं तीन, म्हणजे सारख्या सहा त्रिकोणांच्या प्रत्येक गठ्ठ्यातून तीन वेगवेगळे षटकोन होऊ शकतात. शिवण्याआधी तिन्ही मांडून बघा. माझ्या दुसऱ्या गोधडीत एक गठ्ठा मी टाकूनच देणार होते, नुसती मातकट रेघ दिसत होती. तिसरं टोक आत आणलं आणि त्याच रेघेचं कमळ झालं.

कापड निवडणं हे अर्धं काम आहे. फूल किंवा पान तळहाताएवढं तरी हवं, रंग पाच-सहा तरी, गडद आणि फिकं दोन्ही, आणि मोकळी जमीन, म्हणजे फुलांमागचा कोरा रंग, शक्य तितकी कमी. पांढऱ्या जमिनीवर एकमेकांपासून दूर दूर फुलं असतील तर निम्मे षटकोन कोरे निघतात. बुट्टी, चौकटी, बारीक छाप यांतून काहीच घडत नाही. मला स्वतःला अंगावर घालायला भडक वाटणारी कापडं यात सगळ्यांत सुंदर उतरलेली आहेत, म्हणून दुकानात ताग्याकडे बघून नाक मुरडू नका. दोन छोटे आरसे चिकटपट्टीने पुस्तकासारखे जोडून, साठ अंशांत उघडून कापडावर उभे धरले की साधारण कल्पना येते. ती प्रतिबिंबाची कल्पना असते हे वर सांगितलंच, पण रंग किती खेळतील ते नीट कळतं.

हाताने ठसे मारलेलं कापड या पद्धतीला चालत नाही. प्रत्येक ठसा एखाद-दोन मिलिमीटर इकडे-तिकडे पडतो, हाताच्या कामाचं सौंदर्यच ते, पण सहा थर जुळत नाहीत. मशीनवर छापलेलं घ्या. रोटरी छपाईत चित्र जाळीच्या नळकांड्यावर असतं आणि नळकांड्याचा एक फेरा म्हणजे एक आवर्तन. हा फेरा बहुधा ६४ सेंटिमीटरचा असतो, म्हणजे साधारण २५ इंच. अमेरिकेतली क्विल्टची कापडंही बहुतेक २४ इंचांच्या आसपास आवर्तन घेतात. गणित सोपं आहे: सहा आवर्तनं म्हणजे ३८४ सेंटिमीटर, वर थोडं जास्तीचं, म्हणून सव्वाचार मीटर घ्या. काहींचं आवर्तन निम्मं असतं, त्याला कापड कमी लागतं पण षटकोनही कमी निघतात, तिथे बारा आवर्तनं घेऊन दोन थप्प्या करायच्या.

आवर्तन मोजताना मी पहिल्यांदा जी चूक केली ती सांगते. काठाजवळचं एक जांभळं फूल धरलं, तेच फूल पुढे कुठे आलंय ते बघितलं आणि कापलं. त्या छापात जांभळी फुलं दोन होती, एकाच्या डावीकडे कळी आणि दुसऱ्याच्या उजवीकडे. पाच तुकडे बरोबर आले, सहावा दुसऱ्या फुलावरून कापला गेला. प्रत्येक षटकोनात एक पाकळी भलतीच दिसायला लागली तेव्हा कळलं, आणि तोवर तीस-पस्तीस षटकोन शिवून झाले होते. खूप वाईट वाटलं होतं. त्या शेजारणीने तेव्हा शिकवलं ते आजही करते: एक फूल धरायचं नाही, फूल, त्याची कळी आणि शेजारचं पान असं त्रिकूट धरायचं. शिवाय दुसऱ्या काठालाही तसंच त्रिकूट शोधून तिथेही अंतर तेवढंच येतंय ना ते बघायचं.

कापड आधी अखंड धुवून घ्या, मग खळ करा, अगदी कडक. त्रिकोणाच्या तीनपैकी दोन कडा तिरप्या धाग्यावर येतात आणि त्या बोट लागलं तरी ताणतात. खळीमुळे ते थांबतं. इस्त्री घासत नेऊ नका, उचलून ठेवत न्या.

आता थर जुळवणं. सगळ्या गोधडीचा जीव इथे आहे, इथे दोन तास गेले तर जाऊ द्या. सहा तुकडे सुलट बाजू वर ठेवून एकावर एक पसरा. चित्रातला एक अगदी नेमका बिंदू शोधा, पाकळीचं टोक किंवा परागाचा ठिपका. लांब टाचणी पहिल्या थराच्या त्या बिंदूतून घाला, दुसऱ्या थराच्या त्याच बिंदूतून, असं सहाव्यापर्यंत. टाचणी सरळ उभी राहिली पाहिजे, कलली तर थर सरकलेत. असे बिंदू दर पाच-सहा इंचांवर घ्या. मग प्रत्येक उभ्या टाचणीच्या दोन्ही बाजूंना आडव्या टाचण्या लावून थर पक्के करा आणि उभी काढून घ्या. काठ जुळले की नाही ते बघू नका, काठ बरेचदा जुळत नाहीत. चित्र जुळलं पाहिजे.

कापायला गोल पात्याचा रोटरी कटर, कटिंग मॅट आणि साठ अंशांची रेघ असलेली पारदर्शक पट्टी लागते. तिन्ही वस्तू आता ऑनलाइन मिळतात. कटरला नवं पातं घाला, बोथट पात्याने सहा थर कापताना खालचे थर सरकतात. पन्ह्याच्या आडव्या दिशेने पावणेचार इंच रुंदीच्या पट्ट्या कापा. ६४ सेंटिमीटरच्या आवर्तनातून सहा पट्ट्या निघून अडीच-पावणेतीन इंच उरतं. प्रत्येक पट्टीतून एका त्रिकोणाचं टोक वर, पुढच्याचं खाली असे कापत जायचं. ४२ इंच वापरता येणाऱ्या पन्ह्यातून एका पट्टीत १८ गठ्ठे बसतात. सहा पट्ट्यांचे १०८ षटकोन, म्हणजे ६४८ त्रिकोण. प्रत्येक गठ्ठ्याला लगेच एक सेफ्टी पिन लावून ठेवा. एकदा गठ्ठे मिसळले की हुडकणं फार त्रासाचं होतं.

कात्रीने सहा थर कापू नका. कटर घ्यायचाच नसेल तर जुन्या एक्स-रे फिल्मचा त्रिकोण कापा, गरम पाण्याने धुतली की फिल्म बऱ्यापैकी पारदर्शक होते. त्यावर फुलाची बाह्यरेषा पेनने काढा आणि तोच भाग कापडावर सहा ठिकाणी शोधून एकेक त्रिकोण आखून कापा. या रीतीने ठशाचं कापडही चालतं, कारण दर वेळी तुम्ही डोळ्यांनी जुळवता. १०८ षटकोनांना हे परवडणार नाही. पण मध्ये एक आणि भोवती सहा असे सात षटकोन केले तर साधारण १८ इंचांचं फूल होतं, ते साध्या कापडावर शिवून उशीचा अभ्रा करता येतो. नवशिक्यांना मी आधी हेच करायला सांगते.

शिवताना माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडायचं कापड, बरोबर पाव इंच. मशीनच्या पट्टीवर चिकटपट्टी लावून खूण करून घ्या. षटकोन पुरा शिवायचा नाही, हे लक्षात ठेवा. तीन-तीन त्रिकोणांचे दोन अर्धे करा, प्रत्येक जोडाची शिवण दोन्हीकडे उघडून इस्त्री करा, आणि दोन अर्धे टाचणीने एकत्र ठेवा. पुढे हे अर्धे एक लांब बाजू खाली, शेजारच्या षटकोनाचा अर्धा लांब बाजू वर, असे आडव्या ओळीत जोडत गेलात की माया सोडून तीन इंच उंचीची सरळ पट्टी तयार होते. मग पट्टीला पट्टी, म्हणजे सगळ्या लांब शिवणी सरळ. कोपऱ्यात अडकून शिवावं लागत नाही. दोन पट्ट्या जोडताना प्रत्येक षटकोनाचा मध्य आधी टाचणीने जुळवा, बाकीचं आपोआप जुळतं.

१०८ षटकोन असतील तर नऊ-नऊचे बारा उभे रकाने करा. एकाआड एक रकाना अर्ध्या षटकोनाने खाली सरकतो, म्हणून त्याचा सगळ्यांत खालचा अर्धा उचलून वरच्या रिकाम्या जागी लावायचा. १८ ओळी होतात. बाजूची टोकं छाटली की सुमारे ६० बाय ५४ इंचांचं तोंड, म्हणजे गोधडीचा वरचा थर, मिळतं. मोठी हवी असेल तर भोवती पट्टी लावता येते.

जोडण्याआधीची मांडणी घाईने करू नका. मी पलंगावर पांढरी चादर घालून त्यावर मांडते आणि दोन-तीन दिवस तशीच ठेवते. एकेकटा षटकोन बघून चांगला-वाईट ठरवू नका. जे एकटे फिके, गढूळ दिसतात तेच दोन भडक रंगांमध्ये हवेत, नाहीतर नजरेला विसावा मिळत नाही. रंगांचे ठिपके विखुरण्यापेक्षा लाल लालजवळ, त्याला लागून केशरी, मग पिवळा, असं वाहतं ठेवा. मोबाइलवर फोटो काढून काळा-पांढरा करून बघा, एखादा गडद षटकोन खड्ड्यासारखा दिसत असेल तर तिथे कळतो. माझा सगळ्यांत आवडता भाग हाच आहे. यातले काही आकार कापडात होते हे चार मीटर कापड समोर पसरलेलं असतानाही मला दिसलेलं नव्हतं.

अस्तर आणि मधला थर आपल्या नेहमीच्या गोधडीसारखाच. फक्त जिथे सहा टोकं एकत्र येतात तिथे कापडाचे थर बरेच होतात, सुई जात नाही. हाताने धावदोरा घालणार असाल तर शिवणीपासून थोडं आत, त्रिकोणाच्या पोटातून घाला.

आता साडी. साडेपाच मीटरच्या साडीतून पदर सोडला तर साधारण साडेचार मीटर अंग उरतं, म्हणजे आवर्तन ६४ सेंटिमीटरचं असेल तर सहा तुकडे सहज निघतात. अंगाचा छाप पुरेसा मोठा आहे का आणि आवर्तन खरंच नेमकं आहे का, हे न कापता, टाचण्या लावून तपासता येतं. काठही वाया जात नाही, काठावरच्या त्रिकोणांचे षटकोन गोल कडी घातल्यासारखे दिसतात. विरलेला भाग मात्र घेऊ नका, पाव इंचाच्या मायेत तो टिकत नाही. वापरून मऊ झालेल्या साडीला नव्या कापडापेक्षा जास्त खळ लागते.

पण पहिली गोधडी त्या साडीची करू नका. आधी बाजारातल्या कापडाची, निदान सात षटकोनांची उशी करा आणि हात बसला की साडी काढा. पदर कापू नका, तो अस्तराच्या मधोमध अखंड लावा. माझ्या तिसऱ्या गोधडीत मी सासूबाईंच्या साडीचं असं केलंय. घरी येणारं प्रत्येक जण आधी पदरावरचा मोर बघतं, मग गोधडी उलटवून षटकोनांत त्या साडीची फुलं शोधत बसतं.