रेडिएशन दिलेल्या हापूसमधली अळी खरंच मरते का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात, अमेरिकेला जाणारा रेडिएशनवाला आंबा खाऊन आपल्याला काही होतं का, आणि आतली अळी नक्की मरते का. मी चार सीझन वाशीच्या फळ मार्केटात एका एक्स्पोर्टवाल्याकडे पॅकिंगला होतो, चेंबूरहून पहाटेची पनवेल लोकल पकडायची आणि दिवसभर आंबे निवडायचे.

पहिल्याचं उत्तर, काही होत नाही. कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूचे गॅमा किरण फळातून आरपार जातात, फळ त्याने किरणोत्सारी होत नाही. एक्स-रे काढून घरी आलेल्या माणसाला आपण हात लावायला घाबरतो का?

दुसऱ्यात गंमत आहे. एकदा एकदम कडक, डाग नसलेला हापूस सहज कापला, गर केशरी, मस्त, आणि कोय फोडली तर आतून काळपट भुंगा निवांत चालत बाहेर आला. मादी कोवळ्या कैरीवर अंडं घालते, अळी आत शिरते, वरची जखम भरून येते आणि बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही. फळमाशीची अळी गरम पाण्याने मरते पण कोयीच्या आत लपलेल्या याला कसं गाठणार? तिथे किरणच लागतात. म्हणून २००७ पासून अमेरिकेला जाणारा आंबा लासलगावच्या प्लांटमधून जायला लागला, तो मुळात कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून बांधलेला, नंतर वाशीतही सोय झाली.

डोस कमीत कमी ४०० ग्रे, ग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजायचं माप. (माणसाच्या सगळ्या अंगावर ५ ग्रे एकदम आले तरी जिवावर बेततं.) आणि एवढं देऊनही किडा लगेच मरेलच असं नाही बरं का! त्याची पुढची पिल्लावळ बंद होते, अळीचा धड किडा होत नाही, आणि तिकडच्या बागांना तेवढं पुरतं. त्यामुळे किडा हलतोय की नाही यावर काही ठरत नाही, डोस मोजणारं डोसीमीटर काय दाखवतं ते बघतात, आणि त्यासाठी अमेरिकेचा इन्स्पेक्टर इथे येऊन उभा राहतो. कोविडमध्ये तो आला नाही तर २०२० आणि २०२१ ला तिकडे आंबाच गेला नाही. बॉक्सच्या भोकांना बारीक जाळी पण लावावी लागते, नाहीतर बाहेरची माशी परत आत.

साका, म्हणजे गर आतून पांढरट-स्पंजासारखा होतो तो, मात्र याने जात नाही, तो किडा नाहीच. आणि आपल्या दादर-क्रॉफर्डच्या पेटीला हे काही केलेलं नसतं, त्यात भुंगा निघाला तर कोय फेका आणि गर खा, आम्ही तेच करायचो.