दिवा मालवल्यावर फोटॉन जातात कुठे?

प्रश्न : खोलीतला दिवा बंद केला की लगेच अंधार होतो. मग खोलीभर पसरलेले फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, जातात कुठे? भिंतीत मुरतात का? मुलाच्या खोलीत छताला चिकटवलेल्या चांदण्या अंधारात चमकतात, त्या तेच फोटॉन परत सोडतात ना?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : मुरत नाहीत, संपतात. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायचे तेव्हा या वाक्यावर मागच्या बाकावरून हमखास आवाज यायचा, "मॅडम, काहीच नष्ट होत नाही असं तुम्हीच सांगितलंत ना?" ते ऊर्जेबद्दल सांगितलेलं असायचं. ऊर्जा, संवेग यांचा हिशेब निसर्ग पैन्‌पै चुकता करतो. फोटॉन किती होते नि किती उरले, याची त्याला फिकीर नाही. भिंतीच्या रंगातल्या एखाद्या इलेक्ट्रॉनने फोटॉन शोषला की ऊर्जा इलेक्ट्रॉनकडे जाते आणि फोटॉन उरतच नाही. दिव्यातून निघणारा फोटॉनही आधीपासून आत दडून बसलेला नसतो. टोल पडण्याआधी नाद काही घंटेत भरून ठेवलेला नसतो, तसंच.

शंका बाळबोध आहे असं मात्र समजू नका. १९२६ साली 'फोटॉन' हे नाव ज्यांच्यामुळे रूढ झालं, ते अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईस स्वतः असंच मानत होते, की फोटॉन निर्माणही होत नाहीत आणि नष्टही होत नाहीत. नाव टिकलं, कल्पना बाद झाली. पुढच्याच वर्षी ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिरॅक यांनी प्रकाशाच्या उत्सर्जन-शोषणाचं गणित मांडलं. त्यात फोटॉन खुशाल जन्मतात आणि नाहीसे होतात.

आता तुमची खोली घेऊ. १० बाय १०, उंचीही १० फूट, भिंती पांढऱ्या, ९ वॅटचा एलईडी बल्ब. त्यातून सेकंदाला अंदाजे एकावर १९ शून्यं इतके फोटॉन निघतात. एका भिंतीवरून दुसरीवर जायला सरासरी ७ नॅनोसेकंद (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग) लागतात आणि दर धडकेला शंभरातले वीसेक शोषले जातात, असं धरू. बल्ब पुरता विझल्यावर एका मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात, बहुधा एकही उरत नाही. (बटण दाबल्यावर काही बल्ब क्षणभर रेंगाळतात ते आत थोडी वीज साठवून ठेवणाऱ्या कपॅसिटरमुळे.)

पण म्हणून अंधाऱ्या खोलीत फोटॉनच नसतात, असं नाही. भिंती, कपाट, तुम्ही स्वतः, सगळे सतत डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण सोडत असतात. २७ अंश सेल्सिअसला दर घनसेंटीमीटरमध्ये असे सुमारे ५५ कोटी फोटॉन असतात. दिवा चालू असताना त्याचे दिसणारे फोटॉन तेवढ्याच जागेत जेमतेम दहा-बारा हजार! भिंतीने गिळलेल्या एका हिरव्या फोटॉनची ऊर्जा असल्या तीसेक अवरक्त फोटॉनना पुरते. एक गेला, तीस आले. निसर्गाची काही तक्रार नाही.

हा व्यवहार तुमच्या बल्बच्या पोटातही चालतो. बल्ब होल्डरमधून काढा आणि पांढरं झाकण उघडून पाहा. आत पिवळे ठिपके दिसतील. त्या पिवळ्या लेपाखाली निळा प्रकाश देणारी चिप असते. निळा फोटॉन लेपात शोषला जातो, त्याच्या जागी पिवळसर फोटॉन जन्मतो आणि फरकाच्या ऊर्जेची उष्णता होते. थोडे निळे तसेच बाहेर निसटतात. दोन्ही मिळून आपल्याला पांढरं दिसतं.

चांदण्यांत साठते तीही ऊर्जाच. प्रकाशाने सुटे झालेले काही इलेक्ट्रॉन चांदणीतल्या स्फटिकांच्या रचनेतल्या दोषांत अडकून बसतात आणि खोलीच्या उबेने हळूहळू मोकळे होतात. त्यानंतर निघणारा हिरवा फोटॉन नवा कोरा असतो. खात्री करायची तर एक चांदणी अंधारात पूर्ण विझू द्या आणि लाल एलईडीखाली धरा. कितीही वेळ धरलीत तरी चमकणार नाही, कारण लाल फोटॉनच्या अंगात तेवढी ऊर्जाच नसते आणि दोन-तीन मिळून वर्गणी काढायची सोय इथे नाही. निळ्या टॉर्चने काही सेकंदांत काम होतं.