होबोंची गाणी शिकायची तर

अमेरिकेतल्या होबोंची गाणी गायला घेतोयस, तर आधी शब्दांवर रेंगाळ, गिटारचं नंतर बघू. होबो म्हणजे मालगाडीत लपून कामाच्या शोधात फिरणारा मजूर. ट्रँप फिरतो, पण काम टाळतो. हा फरक ती माणसं फार जपत.

सुरुवात हॅरी मॅक्लिंटॉकने १९२८ साली रेकॉर्ड केलेल्या 'बिग रॉक कँडी माउंटन'पासून कर. त्यातल्या स्वप्ननगरीत कोंबड्या उकडलेलीच अंडी घालतात, पोलिसांचे पाय लाकडी, कुत्र्यांचे दात रबरी आणि मालगाडीचे डबे सगळे रिकामे. एकेक ओळ सावकाश म्हणून बघ. उपाशी पोट, लाठी घेऊन मागे लागलेला शिपाई, पोटरीला धरणारा कुत्रा, सगळं दिसायला लागेल. मी पहिली दोन वर्षं हे गाणं नुसतं धावत गायचो. लोक हसायचे नि विसरायचे. आता अंड्यांच्या ओळीनंतर जरा थांबतो.

मग कंट्री गायक जिमी रॉजर्स ऐक. तो स्वतः रेल्वेत ब्रेकमन, म्हणजे गाडीचे ब्रेक सांभाळणारा कामगार होता, गाडी त्याच्या गळ्यात होती. योडेलची, म्हणजे आवाज झटकन वर-खाली उडवत गाण्याची, मात्र घाई नको, घसा बसेल. आणि आय.डब्ल्यू.डब्ल्यू. या कामगार संघटनेने १९०९ पासून छापलेलं लाल गाणीपुस्तक मिळव. त्यात बऱ्याच गाण्यांना चर्चमधल्या भजनांच्या चाली आहेत. त्या आधी गुणगुणून घे.